नवी भाषा आली, म्हणून जुनं शिकलेलं वाया जात नाही

मागच्या बैठकीत एका ताईनं विचारलं, "गटातून कर्ज काढून लेकीला जावा शिकवली. आता म्हणतात, कोटलिन नावाची नवी भाषा आलीय. मग आमचे पैसे बुडाले का?" आज त्यावरच बोलू.

संगणकाला किंवा मोबाईलला काम सांगायचं, तर ते ठरावीक नियमांच्या भाषेत लिहून द्यावं लागतं. जावा ही अशीच एक भाषा, १९९५ साली आलेली. मोबाईलवरची कितीतरी ॲप तिच्यात लिहिलेली आहेत. पुढं २०१७ साली गुगलनं अँड्रॉइड फोनसाठी कोटलिनला मान्यता दिली आणि २०१९ साली तिलाच पहिली पसंती दिली.

मग ॲप लिहिणाऱ्यांचं काय झालं? काही जण खूश झाले, कारण कोटलिनमध्ये कमी लिहावं लागतं आणि ॲप मध्येच बंद पाडणाऱ्या काही चुका आधीच कळतात. काही म्हणाले, "हातचं चांगलं सोडून नवं कशाला?" काहींनी थांबून अंदाज घेतला. पण दोन्ही भाषा एकाच ॲपमध्ये शेजारी-शेजारी चालतात. त्यामुळं जुनं तसंच ठेवून नवं काम कोटलिनमध्ये करता आलं.

जुनी भाषा लगेच मरतही नाही. कोबोल ही भाषा १९५९ सालची. तिचा पाया घालणाऱ्यांत ग्रेस हॉपर ही बाई होती. इंग्रजी शब्दांत संगणकाला काम सांगता येईल, असं ती म्हणाली तेव्हा लोकांना ते पटलं नव्हतं. आज कित्येक बँकांचे हिशोब कोबोलवर चालतात. २००० साल उजाडताना जुन्या कोबोलमधल्या तारखा दुरुस्त करायचं मोठं काम भारतातल्या कंपन्यांना मिळालं.

म्हणून ताई, पैसे बुडाले नाहीत. अट कशी घालायची, तेच काम पुन्हापुन्हा कसं करवून घ्यायचं, चूक कशी शोधायची, हे दोन्ही भाषांत लागतं. आपल्या धर्माबादच्या बाजारात मराठी गिऱ्हाईक येतं, तेलुगूही येतं. बोली बदलते, मापाचा हिशोब तोच राहतो.

फक्त नव्या क्लाससाठी लगेच दुसरं कर्ज काढू नका. कोटलिन फुकट मिळते, तिचे धडेही इंटरनेटवर फुकट आहेत, पण बरेचसे इंग्रजीत. लेकीला आधी एक छोटं ॲप करू द्या, आपल्या गटाच्या बचतीच्या हिशोबाचंच! ते जमलं, की पुढचं ठरवू.