शिरेतली नळी आणि डोक्यातले गैरसमज

‘आयसीयूत ठेवलं म्हणजे इन्फेक्शन व्हायचंच.’ नातेवाईक हे बोलतात, कधीकधी डॉक्टरही. मानेतल्या किंवा गळपट्टीच्या हाडाखालच्या मोठ्या शिरेत घातलेल्या सेंट्रल लाइनमधून जंतू रक्तात शिरतात, तो प्रकार तर नशिबाचाच भाग मानला जातो.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने हे खोटं ठरवलं. तेव्हा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात असलेल्या डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी मिशिगनमधल्या आयसीयूंत पाच साध्या गोष्टींचा आग्रह धरला: हात धुणे, पेशंटला डोक्यापासून पायापर्यंत निर्जंतुक चादरीने झाकून मगच नळी घालणे, त्वचा क्लोरहेक्सिडीनने पुसणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे आणि गरज संपली की नळी काढणे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, १०३ आयसीयूंमध्ये दर १००० कॅथेटर-दिवसांमागे (एका पेशंटच्या शिरेत एक दिवस नळी, म्हणजे एक कॅथेटर-दिवस) सरासरी ७.७ असलेलं संसर्गाचं प्रमाण दीड वर्षात १.४ वर आलं. नवं औषध नाही, महागडं यंत्र नाही. एक अट मात्र होती: यातली एखादी पायरी चुकली, तर नर्सने डॉक्टरला थांबवायचं. आपल्याकडे क्लोरहेक्सिडीन सहज मिळतं. मोठ्या डॉक्टरांना ‘सर, थांबा’ म्हणण्याची मुभा असलेली सिस्टर शोधावी लागते.

‘ग्लोव्ह्ज घातले की झालं.’ नाही. ग्लोव्ह्जना बारीक छिद्रं असू शकतात, आणि त्याच ग्लोव्ह्जनी पलंगाचा कठडा, मॉनिटर आणि मग नळी हाताळली, तर उपयोग काय? ग्लोव्ह्ज घालण्याआधी आणि काढल्यावर हात स्वच्छ करावेच लागतात. नळी घालताना कितीही काळजी घेतली, तरी पुढे दिवसातून अनेकदा तिच्या तोंडातून इंजेक्शनं जातात. प्रत्येक वेळी ते तोंड स्पिरिटच्या स्वॅबने घासून पुसायचं आणि वाळू द्यायचं असतं. नुसता स्वॅब टेकवणं म्हणजे पुसणं नव्हे.

‘सलाईनच्या बाटलीला हवेसाठी वरून सुई टोचावीच लागते.’ हे दृश्य आपल्या इतक्या ओळखीचं आहे की कुणाला खटकतही नाही. पण त्या सुईतून वॉर्डातली हवा थेट सलाईनमध्ये जाते. आपसूक चेपत जाणाऱ्या मऊ पिशव्यांना सुई लागत नाही. काही देशांत त्या वापरात आल्यावर रक्तातल्या संसर्गाचं प्रमाण घटलं.

‘आधीच अँटिबायोटिक सुरू केलं की धोका नाही.’ जंतू प्लॅस्टिकवर चिकट थर करून राहतात आणि त्या थरात औषध नीट पोहोचत नाही. केवळ नळी आहे म्हणून अँटिबायोटिक दिलं, तर औषधाला न जुमानणारे जंतूच वाढतात.

‘नळी ठरावीक दिवसांनी बदलली की काम झालं.’ सेंट्रल लाइन अशी बदलून फायदा दिसलेला नाही. नव्याने घालताना नवा धोका मात्र येतो. हातावरच्या छोट्या नळीचं, म्हणजे इंट्राकॅथचं, उत्तर इतकं सरळ नाही. ऑस्ट्रेलियात तीन हजारांहून अधिक पेशंटांच्या अभ्यासात दर तिसऱ्या दिवशी बदलली काय आणि गरजेनुसार बदलली काय, शीर सुजण्याचं प्रमाण ७ टक्केच राहिलं. पुढे जिनिव्हात मात्र ठरलेली बदली बंद केल्यावर रक्तातले संसर्ग वाढलेले आढळले. त्यामुळे निदान रोज बघणं तरी सुटत नाही: जागा लाल, सुजलेली, दुखरी असेल किंवा पट्टी ओली झाली असेल, तर लगेच सिस्टरला सांगायचं. ‘ही नळी अजून लागते का?’ हे डॉक्टरांना विचारण्यात आगाऊपणा नाही.

राहिली ‘ताकदीची सलाईन’. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर असते २५ ग्रॅम. जो पेशंट पेज पिऊ शकतो, त्याला तेवढ्यासाठी शिरेत नळी घालायचं कारण नाही.