आयाळीच्या डबीत नेमकं काय?

पांढऱ्या झिपऱ्या लोंबणाऱ्या ‘लायन्स मेन’ (सिंहाची आयाळ) अळंबीची पावडर स्वमग्न किंवा एडीएचडी असलेल्या मुलांच्या पालकांपुढे मेंदूचं टॉनिक म्हणून ठेवली जाते. सोबत ‘संशोधनाने सिद्ध’ हे शब्द हमखास. संशोधन झालंय, हे खरंच. ते कोणावर झालं, हे डबीवर लिहिलेलं नसतं.

हिरोकाझु कावागिशी यांनी १९९०च्या दशकात जपानमध्ये या अळंबीतून हेरिसेनोन आणि एरिनासिन ही संयुगं वेगळी केली. प्रयोगशाळेतल्या पेशींना ती ‘एनजीएफ’ हे चेतापेशी वाढवणारं प्रथिन बनवायला लावतात. त्या प्रथिनाच्या शोधाला १९८६चं नोबेल मिळालेलं, त्यामुळे दाव्याला आयतं वलय मिळतं. पण २००९ची बहुचर्चित चाचणी झाली ती ५० ते ८० वर्षांच्या, स्मरण-आकलन थोडं मंदावलेल्या जेमतेम ३० जपानी माणसांवर. १६ आठवडे पावडर घेणाऱ्यांचे गुण वाढले आणि ती थांबवल्यावर चार आठवड्यांत घसरलेही. आजोबांच्या विसराळूपणावरचा हा निकाल चार वर्षांच्या नातवाला कसा लावणार?

शिवाय ‘चेतापेशी वाढल्या की मूल सुधारेल’ हे गृहीतकच कच्चं आहे. लहानपणी मेंदू गरजेपेक्षा जास्त जोडण्या तयार करतो आणि पुढे त्यांची छाटणी करतो. कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४मध्ये मृत्यूनंतर मिळालेले स्वमग्न आणि इतर मुलांचे मेंदू तपासले. किशोरवय सरेपर्यंत इतर मुलांमध्ये या जोडण्यांची घनता जवळपास निम्मी झाली होती. स्वमग्न मुलांमध्ये ती १६ टक्क्यांनीच घटली होती. म्हणजे तिथे प्रश्न वाढ कमी पडल्याचा नव्हता, छाटणी कमी झाल्याचा होता.

‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?’ हा युक्तिवादही तपासूनच घ्यावा. अमेरिकेत विकत घेतलेल्या, रेशी या अशाच दुसऱ्या अळंबीच्या १९ पूरकांची तपासणी २०१७मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतली पाचच अस्सल निघाली. मुलाला फिटची किंवा इतर औषधं चालू असतील, तर अशी पावडर डॉक्टरांना न विचारता देऊ नये.

बटण अळंबीची किंवा धिंगरीची भाजी मात्र खुशाल करावी. तिच्यात तंतू आहेत, ब गटातली काही जीवनसत्त्वं आहेत. अर्थात, अनेक स्वमग्न मुलांना बुळबुळीत पदार्थ तोंडातही धरवत नाहीत, तेव्हा घास कोंबण्यात अर्थ नाही.

बोलणं, नजर मिळवणं किंवा हाकेला ओ देणं याबद्दल शंका असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर चालणाऱ्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत तपासणी मोफत होते. वाचा-उपचार आणि वर्तन-प्रशिक्षण जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. पावडरीचा गुण येईल म्हणून वाट पाहण्यात तेच महिने खर्ची पडतात.