थंडी रुसली, तरी उतारा राखता येतो



फेब्रुवारी 2025 मधली गोष्ट. मुलांच्या शिक्षणासाठी आपले काही सभासद नाशिकला इंदिरानगरात बिऱ्हाड करून राहतात. अशाच एका सभासदांकडे लागणीच्या नोंदीचं काम होतं, म्हणून आम्ही सकाळीच गेलो होतो. पांडवलेण्याच्या बाजूला फिरून आलेली चार मंडळी तिथं चहाला बसली होती. सगळ्यांची तक्रार एकच. "यंदा थंडी अशी पडलीच नाही हो! स्वेटर पेटीतून काढला, दोन-चार दिवस घातला आणि परत पेटीत गेला." घरधन्यांचे पाहुणे बर्फ बघायला काश्मीरात जाऊन आले होते. तेही नाराज. म्हणाले, "एवढा खर्च करून गेलो आणि बर्फ बेताचाच." ते खरंही होतं. बर्फ नाही म्हणून गुलमर्गचे हिवाळी खेळ त्या साली फेब्रुवारीतून पुढे ढकलले आणि मार्चमध्ये घेतले.

मंडळी थंडीची मजा गेली म्हणून हळहळत होती. आम्ही मात्र मनात दुसराच हिशेब करत होतो. आमच्या डोळ्यांपुढे गव्हाणीत पडणारा ऊस होता. थंडी रुसली तर फिरायला जाणाऱ्याची फक्त मजा जाते. ऊसवाल्याची साखर जाते. म्हणून या अंकात थंडीचा आणि उताऱ्याचा संबंध काय, आणि थंडी पडली नाही तर आपल्या हातात काय उरतं, हे समजावून सांगावं असं ठरवलं.

थंडीत उसात काय होतं?

उसाचं पान हा साखरेचा खरा कारखाना. आपला कारखाना साखर तयार करत नाही, उसात असलेली फक्त बाहेर काढतो. दिवसा उन्हात पान साखर तयार करतं. ही साखर दोन वाटांनी जाते. एक वाट वाढीची, म्हणजे नवी पानं, नवी कांडी, मुळं. दुसरी वाट साठवणीची, म्हणजे कांड्यात साखर भरणं.

हवा उबदार असेल तोवर ऊस वाढीच्या नादात असतो. 26 ते 32 अंश तापमानात ऊस जोमानं वाढतो. रोज मिळवायचं आणि रोज खर्चायचं, असा तो प्रकार. रात्री गारवा पडला की वाढ मंदावते. 12 ते 14 अंशांची रात्र पिकण्याला सगळ्यात चांगली समजतात. वाढ थांबली, रात्रीचं श्वसन कमी झालं की खर्च घटतो. दिवसाचं ऊन स्वच्छ असल्यानं मिळकत मात्र चालूच राहते. शिल्लक पडते ती कांड्यात जाऊन बसते. म्हणून दिवसा लख्ख ऊन आणि रात्री कडक थंडी, हे उसाचे सोन्याचे दिवस. दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला उतारा कमी असतो, जानेवारी-फेब्रुवारीत चढतो आणि उन्हाळा लागला की उतरतो, त्याचं मुख्य कारण हेच.

ढगाळ आणि उबदार हवेत याच्या उलट होतं. ऊन कमी म्हणून मिळकत कमी. रात्र उबदार म्हणून खर्च जास्त. त्यातून शेतात ओल असली तर ऊस पुन्हा वाढीला लागतो आणि साठवलेल्या साखरेलाच हात घालतो. तिचं ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं. चवीला ते गोडच लागतं, पण त्याचे दाणे पडत नाहीत. ते मळीत निघून जातं. "आमचा ऊस खाऊन बघा, गोड आहे" असं सभासद म्हणतात. त्यांचं म्हणणं खोटं नसतं, पण जिभेला लागणारी गोडी आणि पोत्यात पडणारी साखर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काश्मीरचा बर्फ आणि आपला फड

आता पाहुण्यांच्या बर्फाकडे येऊ. भूमध्य समुद्राकडून हिवाळ्यात ढगांचे आणि वाऱ्यांचे लोंढे आपल्या उत्तरेकडे येतात. त्यांना पश्चिमी झंझावात म्हणतात. हे हिमालयावर बर्फ टाकतात आणि पुढे सरकले की त्यांच्या मागून उत्तरेचा कोरडा गार वारा खाली उतरतो. तो थेट खानदेश आणि नाशिकपर्यंत पोचतो. दरवेळी अगदी असंच घडतं असं नाही. पण काश्मीरातला बर्फ आणि आपल्या फडातली साखर यांचं नातं या वाऱ्यानं जोडलेलं आहे, एवढं नक्की.

हा वारा आला की नाशिक जिल्ह्यात थंडी काय असते ते जुन्या माणसांना ठाऊक आहे. नाशिकला 7 जानेवारी 1945 रोजी पारा 0.6 अंशावर उतरल्याची नोंद आहे. 2018 च्या डिसेंबरअखेर निफाडला पारा दोन अंशांच्या आसपास गेला, तेव्हा द्राक्षवाल्यांनी बागेत रात्रभर शेकोट्या पेटवल्या. आपल्या कितीतरी सभासदांच्या एका बांधाला द्राक्ष आणि दुसऱ्या बांधाला ऊस आहे. एकाच घरात एक भाऊ थंडी पडू नये म्हणून देवाला हात जोडतो आणि दुसरा पडावी म्हणून.

2024-25 चा हिवाळा मात्र धरसोडीचा गेला. 30 नोव्हेंबर 2024 ला फेंगल चक्रीवादळ पुद्दुचेरीजवळ किनाऱ्यावर आलं. ते एवढं दूर, पण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे ढग आले आणि थंडी पळाली. ढग म्हणजे जमिनीवर घातलेली गोधडी. दिवसाची ऊब रात्री आभाळात निघून जायची ती आतच राहते. मध्ये काही दिवस चांगला कडाका पडला, पण टिकला नाही. फेब्रुवारी 2025 तर देशात 1901 पासूनचा सर्वात उबदार फेब्रुवारी ठरला, असं हवामान खात्यानं सांगितलं. म्हणजे इंदिरानगरातल्या मंडळींची तक्रार वावगी नव्हती.

त्या हंगामात राज्याचा सरासरी उतारा साडेनऊ टक्क्यांच्या आसपास आला. आदल्या हंगामात तो दहाच्या वर होता. सगळा दोष थंडीच्या माथी मारणं मात्र बरोबर नाही. पाऊस फार झाला, उसाला तुरा आला, काही साखर इथेनॉलकडे वळली, अशी कारणं बरीच होती. पण थंडीनं हात आखडला, तेव्हा बाकीच्या चुका झाकायला कोणी उरलं नाही.

खिशाचा हिशेब

2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारनं रास्त व किफायतशीर दर 10.25 टक्के उताऱ्याला टनाला 3550 रुपये ठरवला. त्यावर उताऱ्याच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला टनामागे 34 रुपये 60 पैसे जादा. उतारा 10.25 च्या खाली गेला तर त्याच हिशेबानं कपात, ती 9.5 टक्क्यांपर्यंत.

समजा, उतारा अर्ध्या टक्क्यानं वाढला. टनामागे 173 रुपये झाले. 100 टन ऊस घालणाऱ्या सभासदाला 17 हजार 300 रुपये. अर्धा टक्का म्हणजे 100 किलो उसात अर्धा किलो साखर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्यात एका मुलाची वर्षाची फी निघते.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. हा उतारा एकट्याच्या उसाचा धरत नाहीत, सगळ्या कारखान्याचा धरतात. एकानं कच्चा, ओला, वाढ्यासकट ऊस घातला तर त्याला त्याच्या वजनाचे पैसे मिळतात, पण घटलेल्या उताऱ्याचा भुर्दंड सर्वांना बसतो. ज्यानं पाणी तोडून, पिकवून ऊस दिला त्यालाही.

थंडी नाही तिथं काय करतात?

हवाई बेटांवर आपल्यासारखी थंडी पडत नाही, तरी तिथं शंभर वर्षांहून अधिक काळ ऊस होता. शेवटचा कारखाना 2016 मध्ये बंद झाला. तिथले शास्त्रज्ञ डॉ. क्लेमेंट्स यांनी एक पद्धत बसवली. उसाच्या पानाचं आवरण घेऊन त्यातला ओलावा आणि अन्नांश ठरावीक दिवसांनी तपासायचा, आणि त्यावरून पाणी व नत्र द्यायचं की थांबवायचं ते ठरवायचं. तोडणीआधी पाणी हळूहळू कमी करून ऊस वाळवत आणायचा. जे काम आपल्याकडे थंडी फुकटात करते, ते त्यांनी पाण्याच्या दारावर बसून केलं. थंडी आपल्या हातात नाही, पण बारं आपल्या हातात आहे.

आपण काय करावं?

पहिलं, पाणी. तोडणीआधी साधारण 15 ते 20 दिवस पाणी बंद करा. भारी काळ्या रानात ओल जास्त दिवस टिकते, तिथं थोडं आधी. हलक्या रानात थोडं उशिरा, नाहीतर ऊस सुकून वजन घटेल. टोळी यायच्या आदल्या आठवड्यात "वजन भरेल" म्हणून बारं द्यायची सवय सोडा. उबदार हिवाळ्यात असं पाणी म्हणजे पिकत्या उसाला परत वाढीला लावणं.

दुसरं, नत्र. विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे सुरू उसाला हेक्टरी 250, पूर्वहंगामीला 340 आणि आडसालीला 400 किलो नत्र पुरतं. शेवटचा हप्ता मोठ्या बांधणीला द्या आणि तिथं हात थांबवा. त्यानंतर टाकलेल्या युरियानं पानं काळीभोर दिसतात, शेजारी कौतुक करतो, पण ऊस कोवळा राहतो आणि लोळतो.

तिसरं, जात आणि वय. को 86032 किंवा फुले 265 या मध्यम-उशिरा पिकणाऱ्या जाती. त्यांना वय पूर्ण होऊ द्यावं लागतं. कोसी 671 किंवा फुले 10001 लवकर पिकतात. सुरू ऊस 12 महिन्यांचा, पूर्वहंगामी 14 ते 15 आणि आडसाली 16 ते 18 महिन्यांचा झाल्यावर तोडावा, हा साधा नियम. खोडवा लागणीपेक्षा आधी पिकतो. हंगामाच्या सुरुवातीला वय झालेला आडसाली, लवकरच्या जाती आणि खोडवा आले, तर थंडीची वाट बघावी लागत नाही. सर्व क्षेत्र एकाच जातीखाली ठेवू नका, असं आम्ही सांगतो ते याचसाठी.

चौथं, ब्रिक्स. आमचा शेतकी मदतनीस हातातलं रिफ्रॅक्टोमीटर घेऊन येतो, त्याला फडात नीट फिरू द्या. उसाच्या बुडख्याकडचा आणि शेंड्याकडचा रस तपासायचा. खाली 21 आणि वर 15 आला तर ऊस कच्चा. खाली 21 आणि वर 20 आला तर पिकला. दोन्ही आकडे जवळ आले की समजावं, साखर वरपर्यंत भरली.

पाचवं, तोडणी. ऊस जमिनीलगत तोडा, बुडख्यात साखर सर्वात जास्त. वाढ्याखालची कोवळी कांडी, पाचट आणि मागून फुटलेले कोवळे कोंब मोळीत येऊ देऊ नका. तोडलेला ऊस 24 तासांच्या आत गव्हाणीत पडावा. उबदार हवेत तोडलेला ऊस जास्त लवकर बिघडतो, जळालेला तर त्याहून लवकर.

आमचीही एक चूक

इथं एक कबुली द्यायला हवी. एका उबदार हंगामात आमच्याच खात्यानं तोडणीचा कार्यक्रम नोंदीच्या तारखेप्रमाणे जसाच्या तसा चालवला. ढगाळ हवा होती, नमुने कच्चे येत होते, पण "नंबर आला, टोळी द्या" असा आग्रह सगळीकडून होता. कुणाला गहू पेरायचा, कुणाला कांदा लावायचा. आम्हालाही नकार देणं जड गेलं. परिणाम उताऱ्यात दिसला आणि वार्षिक सभेत सभासदांनी बरोबर जाब विचारला.

तेव्हापासून आमचं म्हणणं असं आहे. तारखेचा नंबर महत्त्वाचा, त्याशिवाय न्याय होत नाही. पण हवा उबदार असेल तेव्हा एकाच पंधरवड्यात लागण झालेल्या फडांत तरी ब्रिक्स बघून पुढंमागं करू द्या. असं पुढंमागं केलं तर त्याचा आकडा गट कार्यालयात फळ्यावर लिहावा, म्हणजे वशिल्याचा संशय राहणार नाही. फार थांबणंही बरं नाही. मार्चचं ऊन लागलं की वजन घटतं आणि साखरही उतरते.

इंदिरानगरातून निघताना घरधनी म्हणाले, "साहेब, मग पुढच्या साली थंडी पडेल का?" आम्ही म्हणालो, "ते आम्हाला विचारू नका. पडली तर देवाची कृपा. नाही पडली, तर शेवटचं बारं कधी तोडायचं ते मात्र आम्हाला नक्की विचारा." ते हसले आणि त्यांनी गावी फोन लावला. त्यांच्या फडात त्याच दिवशी मोटार चालू होती आणि टोळी आठ दिवसांवर आली होती. मोटार बंद झाली.

तोडणीच्या किमान एक महिना आधी आपल्या गटाच्या शेतकी मदतनीसाला भेटावं, ही सर्व सभासदांना नम्र विनंती. कळावे.

आपले,
ऊस विकास अधिकारी
शेतकी खाते