व्हेपची कॉइल : घरची की विकतची?

घरचे ते चांगले आणि विकतचे ते भेसळीचे, हे गणित आपल्या मनात पक्के बसलेले आहे. मसाला, तूप, लोणचे यांच्या बाबतीत ते बऱ्याचदा खरेही ठरते. हेच गणित आता एका भलत्याच वस्तूला लावले जाऊ लागले आहे. ई-सिगारेट, म्हणजे बोलीभाषेतले ‘व्हेप’, तिच्या पोटात एक तापणारी तार असते. तिला कॉइल म्हणतात. ही कॉइल स्वतः वळावी की कारखान्यात तयार झालेली आणावी, हा वाद अमेरिका आणि ब्रिटनमधल्या व्हेप ओढणाऱ्यांमध्ये बरीच वर्षे रंगला. तिकडे शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपली काही मुलेही त्यात ओढली गेली. ‘मी स्वतः बनवलेली कॉइल वापरतो, त्यामुळे काही धोका नाही,’ असे मुलगा फोनवर सांगतो आणि पालक आम्हा डॉक्टरांना विचारतात, हे खरे का? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही.

शेगडीची तार, पण तोंडाशी

व्हेपची रचना साधी असते. एक बॅटरी, एक छोटी टाकी, तारेचे वेटोळे आणि त्यात ओवलेला कापूस. टाकीतला द्रव कापूस शोषून घेतो. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाद देणारी रसायने आणि बहुधा निकोटीन यांचे ते मिश्रण असते. बटण दाबले की तार तापते, द्रवाचे बारीक थेंब हवेत उडतात आणि ते थेट फुफ्फुसात ओढले जातात. पाहणाऱ्याला ती पाण्याची वाफ वाटते, पण ती वाफ नाही. ते रसायनांचे धुके आहे.

तारेचा धातू आपल्या ओळखीचाच आहे. लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांचा मिश्रधातू ‘कँथल’, तर निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू ‘नायक्रोम’. नायक्रोम म्हणजे विजेच्या शेगडीत लालबुंद होणारी तार. काही जण स्टेनलेस स्टील, शुद्ध निकेल किंवा टायटॅनियमही वापरतात. शेगडीवर आपण पाणी तापवतो, शेगडीला तोंड लावून श्वास घेत नाही. फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

घरी कॉइल वळणारा माणूस तारेचे रीळ आणतो, बारीक दांडीवर वेढे देतो, दोन टोके स्क्रूने आवळतो आणि मधून कापूस ओवतो. खर्च अगदी किरकोळ. तार जाड की बारीक, वेढे किती, हे सगळे त्याच्या हातात असते. धूर जास्त निघावा म्हणून तो रोध कमी ठेवतो. धुराचे मोठमोठे ढग सोडण्याच्या स्पर्धा तिकडे होत असत, आणि हा छंद वाढण्यामागे त्यांचा वाटा मोठा होता.

ओहमचा नियम कोणालाच सूट देत नाही

इथे शाळेतले विज्ञान आठवावे लागते. विद्युतदाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो. पूर्ण भरलेल्या लिथियम-आयन सेलचा दाब ४.२ व्होल्ट असतो. कॉइलचा रोध १ ओहम असेल, तर प्रवाह ४.२ अँपिअर. रोध ०.५ ओहम केला तर ८.४. ढग मोठा हवा म्हणून ०.२ वर आणला तर २१ अँपिअर. आणि ०.१ झाला तर थेट ४२! व्हेपमध्ये वापरल्या जाणाऱ्या चांगल्या सेललाही सतत २० ते ३० अँपिअरच्या आसपासच प्रवाह झेपतो. म्हणजे चार वेढे कमी झाले किंवा तारेचे टोक धातूच्या भिंतीला टेकले, तर सेलवर त्याच्या ताकदीबाहेरचा भार पडतो. सेल आतून तापत जातो, ती उष्णता स्वतःच स्वतःला वाढवते आणि शेवटी तो पेट घेतो किंवा फुटतो.

बहुतेक आधुनिक उपकरणांत एक इलेक्ट्रॉनिक चिप असते. रोध फार कमी आढळला तर ती वीजच सोडत नाही. पण ‘मेकॅनिकल’ प्रकारच्या व्हेपमध्ये अशी चिप नसते. धातूची नळी, आत सेल, वर कॉइल, बस्स. मे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात ३८ वर्षांच्या एका माणसाचा अशा व्हेपच्या स्फोटात मृत्यू झाला. उडालेले तुकडे त्याच्या डोक्यात शिरले होते. जानेवारी २०१९ मध्ये टेक्सासमध्ये २४ वर्षांच्या तरुणाच्या मानेतली मेंदूकडे जाणारी धमनी तुटली आणि तोही दगावला. त्याचेही उपकरण मेकॅनिकल प्रकारचेच होते. मृत्यू विरळ असले तरी मांडी, हात आणि चेहरा भाजल्याच्या घटना त्याहून कितीतरी जास्त आहेत. या जखमांत आगीबरोबर बॅटरीतल्या रसायनाचीही इजा असते. म्हणून त्यांवर हळद किंवा टूथपेस्ट न लावता लगेच रुग्णालय गाठावे.

तेव्हा विजेच्या कसोटीवर उत्तर स्पष्ट आहे. छापील रोधाची तयार कॉइल आणि चिप असलेले उपकरण यांत स्फोटाचा धोका कमी. घरची कॉइल आणि चिप नसलेली नळी यांत तो सर्वांत जास्त.

फुफ्फुसाच्या कसोटीवर काय?

इथे मात्र विकतच्या कॉइलची बाजू लंगडी पडते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी बाल्टिमोर परिसरातल्या ५६ व्हेप वापरणाऱ्यांची स्वतःची उपकरणे तपासली. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. बाटलीतल्या द्रवात धातूंचे प्रमाण कमी होते. तोच द्रव कॉइलला लागून धुक्यात आला, तेव्हा त्यात शिसे, क्रोमियम, निकेल आणि मँगनीज वाढलेले दिसले. शिशाचे मध्यक प्रमाण तर बाटलीतल्या द्रवाच्या पंचवीस पटींहून अधिक होते.

कॉइलच्या तारेत शिसे घालत नाहीत, मग ते येते कुठून? तार एकटी नसते. तिला जोडणारे सांधे, डाख, पितळी भाग हे सगळे तापतात आणि त्या द्रवात भिजतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या संशोधकांना २०१३ मध्येच कारखान्यातून आलेल्या ई-सिगारेटच्या धुक्यात कथिलाचे कण सापडले होते आणि त्यांचा माग आतल्या डाखेपर्यंत लागला होता. विकतच्या बंद कॉइलमध्ये कोणता सांधा कसा जोडला आहे, हे घेणाऱ्याला दिसत नाही.

मग घरची बरी? तसेही नाही. बाल्टिमोरच्या त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. जे कॉइल वारंवार बदलत, त्यांच्या धुक्यात धातू जास्त आढळले. नवी तार धातू अधिक सहज सोडते, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. आता घरी वळणाऱ्याचा विचार करा. तार स्वस्त, हात बसलेला, त्यामुळे तो कॉइल उठसूट बदलतो. ‘ताजी कॉइल म्हणजे स्वच्छ कॉइल’ ही त्याची समजूत त्याच्यावरच उलटू शकते.

कापूस कोरडा पडला तर आणखी एक संकट उभे राहते. द्रव नसताना तार फार तापते. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइडसारखी घातक रसायने तयार होतात. तेव्हा जळकट, घशाला झोंबणारी चव येते. कापूस कमी-जास्त बसला की घरच्या कॉइलमध्ये हे घडते, आणि जुनी झालेली विकतची कॉइल ताणून वापरली की तिच्यातही.

श्वासावाटे जाणारी निकेलची संयुगे आणि षट्संयुजी क्रोमियम यांची गणना जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केली आहे. शिसे तर मेंदू, मूत्रपिंड आणि रक्तदाब या सगळ्यांचेच वैरी. तार कोणी वळली, हे फुफ्फुसाला कळत नाही. त्याला कळतो तो फक्त आत आलेला कण.

सिगारेटपेक्षा बरे, एवढ्यावर थांबू नका

प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. जळत्या तंबाखूच्या धुरात विषारी पदार्थ व्हेपपेक्षा कितीतरी जास्त असतात. सिगारेट सोडण्यासाठी निकोटीनयुक्त व्हेपचा उपयोग होतो, असे चाचण्यांत दिसले आहे आणि ब्रिटनची आरोग्य व्यवस्था प्रौढ धूम्रपींना तसा सल्लाही देते. पण तिथे टाकी २ मिलिलीटरपेक्षा मोठी नको, द्रवात निकोटीन मिलिलीटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असे नियम आहेत. ज्याने कधी सिगारेट ओढलीच नाही, अशा विशीतल्या मुलाला हा युक्तिवाद लागू होत नाही. त्याला मिळते ते फक्त नवे व्यसन.

भारतात तर हा वादच वेगळ्या जागी येऊन थांबतो. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. साठवण वगळता इतर बाबतींत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे आपल्याकडे चोरून मिळणाऱ्या ‘तयार’ मालामागे ना तपासणी असते, ना हमी. ‘कारखान्यातले म्हणजे मोजून-मापून केलेले’ हा विकतच्या कॉइलचा एकमेव फायदाही इथे उरत नाही.

पालकांसाठी आणि सोडू पाहणाऱ्यांसाठी

मुलाच्या खोलीत बारीक तारेचे रीळ, कापूस, छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि टॉर्चसारखे जाड सुटे सेल दिसले, तर आरडाओरडा न करता विचारा. कधीपासून, दिवसाला किती, निकोटीन आहे का? सुटा सेल खिशात नाणी किंवा किल्ल्यांबरोबर ठेवू देऊ नका, तेवढ्यानेही तो पेट घेऊ शकतो. द्रवाची बाटली लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. निकोटीनचे थोडे घोटही त्यांच्या जिवावर बेतू शकतात.

सोडायचे असेल तर निकोटीनचे च्युइंगगम, पॅच आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची औषधे आपल्याकडे कायदेशीररीत्या मिळतात. अनेक सरकारी रुग्णालयांत तंबाखूमुक्ती केंद्रे आहेत. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर फोन करायला पैसेही पडत नाहीत. कॉइल कोणती घ्यावी, यावर खर्च होणारी हुशारी एकदा या क्रमांकावर वापरून पाहावी.