बोटीतल्या नळाला प्रेशर नाही? पंप बदलायच्या आधी हे तपासा



प्लंबिंग किंवा इलेक्ट्रिकल शिकलेली बरीच मुलं विचारतात, "सर, किनारपट्टीवर राहतो, वेगळं काय काम करता येईल?" माझं उत्तर असतं, बोटींची सर्व्हिस. तारकर्लीची हाउसबोट घ्या, मांडवीतली क्रूझ घ्या किंवा खाजगी यॉट घ्या. ज्या बोटीत टॉयलेट, बेसिन आणि छोटं किचन आहे, त्या बोटीत गोड्या पाण्याची टाकी, पंप आणि पाइप असतातच. आणि तिथली नेहमीची तक्रार एकच, "पाण्याला प्रेशर नाही."

मालक फोनवरच निकाल देऊन मोकळा होतो, "दादा, पंप गेलाय. नवीन घेऊन या." इथे खरी परीक्षा असते. तुम्ही पंप नेला, बसवला, बिल घेतलं आणि दोष वायरमध्ये होता, तर आठ दिवसांत परत तीच तक्रार. किनाऱ्यावर सगळे बोटमालक एकमेकांना ओळखतात, त्यामुळे एक ग्राहक गेला की त्याच्यासोबत पाच जातात. म्हणून आज आपण पंप विकायला नाही, दोष शोधायला शिकणार आहोत. व्हिडिओत हात दिसतात, इथे त्यामागचं कारण समजून घेऊ.

आधी सिस्टिम समजून घ्या

घरी टाकी वर असते आणि पाणी आपोआप खाली येतं. १० मीटर उंचीवरच्या पाण्याने साधारण १ बार, म्हणजे १४.५ पीएसआय प्रेशर मिळतं. बोटीत टाकी वर ठेवता येत नाही, बोटीचा तोल जातो. म्हणून टाकी खाली असते आणि प्रेशर १२ किंवा २४ व्होल्टचा छोटा डायफ्राम पंप तयार करतो.

पाण्याचा रस्ता असा: टाकी, सक्शन पाइप, स्ट्रेनर म्हणजे गाळणीची जाळी, पंप, काही बोटींत एक्युम्युलेटर टाकी, मग पाइप आणि शेवटी नळ. पंपावरच प्रेशर स्विच असतो. नळ उघडला की प्रेशर पडतं आणि पंप सुरू होतो. नळ बंद केला की प्रेशर वाढतं आणि पंप थांबतो. बऱ्याच पंपांत हा थांबायचा आकडा ४० पीएसआयच्या आसपास असतो. पंपाच्या लेबलवर तो लिहिलेला असतो, आधी तो वाचा.

म्हणजे दोष चार ठिकाणी असू शकतो: पंपाच्या आधी, पंपाच्या नंतर, पंपाच्या विजेत किंवा खुद्द पंपात. पंप या यादीत सगळ्यात शेवटी येतो.

पाना हातात घ्यायच्या आधी तीन प्रश्न

१. प्रेशर सगळ्या नळांना कमी आहे की एकाच? एकाच नळाला कमी असेल तर पंपाकडे जाऊच नका. नळाच्या तोंडाची जाळी काढा. वाळू, गंज, क्षार अडकलेले दिसतील.

२. फक्त गरम पाण्याला कमी आहे का? मग दोष गीझरच्या लाइनमध्ये, तिथल्या नॉन रिटर्न व्हॉल्व्हमध्ये किंवा मिक्सर नळात आहे.

३. हळूहळू कमी झालं की एकदम? हळूहळू असेल तर कुठेतरी कचरा साठतोय. कोणीतरी काम करून गेल्यावर एकदम झालं असेल तर पाइप दुमडलाय किंवा एखादा व्हॉल्व्ह अर्धा बंद राहिलाय.

हे प्रश्न मालकापेक्षा खलाशाला विचारा. रोज नळ तोच उघडतो.

आता पंपाचा आवाज ऐका

एक नळ पूर्ण उघडा आणि पंपाजवळ कान द्या.

• पाणी कमी, पण पंप सारखा चालू-बंद होतोय: पंप प्रेशर तयार करतोय, पुढे रस्ता अडलाय. नळ, फिल्टर आणि पंपानंतरचे पाइप तपासा.

• पंप न थांबता चालतोय आणि पाणी कमी: पंपाला पाणी मिळत नाही, वीज मिळत नाही किंवा तो आतून झिजलाय.

• नळ थुंकल्यासारखा फुरफुर करतोय: सक्शनला हवा येतेय.

• सगळे नळ बंद असताना पंप मधूनच वाजतो: कुठेतरी गळती आहे किंवा पंपातला व्हॉल्व्ह पाणी परत सोडतोय.

पाच मिनिटांच्या या ऐकण्याने तुमचं अर्धं काम होतं.

सक्शन बाजू: न दिसणारी गळती

आधी टाकीत पाणी आहे का ते डोळ्यांनी बघा, गेजवर विश्वास ठेवू नका. मग टाकीत पाणी भरायचं झाकण उघडून पंप चालवा. झाकण उघडल्यावर प्रेशर सुधारलं तर टाकीची हवा घेण्याची नळी, म्हणजे व्हेंट, बंद आहे. त्यात मातीचं घर केलेली कुंभारीण माशी किंवा बोट रंगवताना गेलेला रंग सापडू शकतो.

नंतर स्ट्रेनर उघडा आणि जाळी धुवा. परत लावताना रबर रिंग नीट बसली का ते बघा. इथेच नवीन मुलं फसतात. पंपाच्या पुढची गळती टपकते, दिसते. पण पंपाच्या मागचा पाइप पाणी ओढत असतो, तिथला सैल जॉइंट बाहेर टपकत नाही, हवा आत घेतो. साबणाचा फेस लावला तर फुगा येणार नाही, फेस आत ओढला जाईल. पारदर्शक पाइप असेल तर बुडबुडे पळताना दिसतात.

सक्शनला बागेचा मऊ पाइप लावलाय का तेही बघा. उन्हात तो आणखी मऊ होतो आणि पंप ओढायला लागला की चपटा होतो. तिथे आतून जाळी असलेला ब्रेडेड पाइपच हवा, आणि पिण्याच्या पाण्यासाठी फूड ग्रेड हवा.

बादलीची टेस्ट

पंपाचा सक्शन पाइप काढा, छोटा पाइप लावून स्वच्छ पाण्याच्या बादलीत सोडा. पुढचा पाइपही काढा आणि पाणी थेट ५ लिटरच्या कॅनमध्ये घ्या. मोबाइलवर वेळ लावा.

समजा पंपावर मिनिटाला ११ लिटर लिहिलंय. मग ५ लिटर भरायला साधारण २७ सेकंद लागायला हवेत. प्रत्यक्षात थोडं इकडे-तिकडे चालतं. वेळ बरोबर आली तर पंप आणि वीज दोन्ही ठीक आहेत. मग नुसता पुढचा पाइप जोडून बघा, नंतर नुसता मागचा. ज्या बाजूने वेळ वाढली, दोष त्या बाजूला. बादलीतूनही वेळ जास्त लागली तर वीज तपासायची.

वीज: किनाऱ्यावरचा खरा गुन्हेगार

खाऱ्या हवेत तांब्याच्या वायरला आणि टर्मिनलला हिरवा गंज चढतो. वायर बाहेरून छान दिसते, आतून विजेचा रस्ता अरुंद झालेला असतो. व्होल्टेज पडलं की मोटर हळू फिरते, मोटर हळू फिरली की पाणी कमी येतं.

मोजायची पद्धत महत्त्वाची आहे. पंप बंद असताना मीटर लावला तर १२.६ व्होल्ट दिसतील आणि तुम्ही म्हणाल "करंट तर येतोय." वीज वाहत नसेल तेव्हा खराब जॉइंटसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवतो. म्हणून नळ उघडा, पंप चालू ठेवा आणि तेव्हा मोजा: एकदा बॅटरीवर, एकदा पंपाच्या टर्मिनलवर. दोन्हींतला फरक म्हणजे रस्त्यात हरवलेलं व्होल्टेज. १२ व्होल्टच्या लाइनवर तो अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. एक व्होल्टच्या वर गेला तर शोध घ्या: फ्यूज होल्डर, स्विच, जॉइंट, अर्थिंगची वायर.

वायरची जाडीही बघा. बॅटरीपासून पंप ६ मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन वायर १२ मीटर होते. ८ अँपिअरला १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये साधारण १.१ व्होल्ट पडतात, ४ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये फक्त ०.४. घरातली वायर उरलीये म्हणून बोटीत टाकली की असं होतं. बोटीत कथिलाचा मुलामा असलेली, म्हणजे टिन्ड कॉपर वायर वापरतात ती गंजापासून वाचण्यासाठीच.

एक उदाहरण घेऊ. समजा बादलीतूनसुद्धा ५ लिटरला ४६ सेकंद लागतायत. पंप चालू असताना बॅटरीवर १२.४ आणि पंपावर ८.२ व्होल्ट. म्हणजे ४.२ व्होल्ट गायब. मीटरच्या दोन पिना फ्यूज होल्डरच्या दोन टोकांना लावल्या तर एकट्या होल्डरवर ३ व्होल्ट पडतायत, हात लावला तर तो गरम. होल्डर बदलला, टर्मिनल साफ केले. पंपावर ११.७ व्होल्ट आले, ५ लिटरला ३० सेकंद लागले. नवा पंप बसवला असता तर तोही ४६ सेकंदच घेत बसला असता, आणि गरम होल्डर एक दिवस वितळला असता. बोटीत आग म्हणजे पळायला जागा नाही, हे विसरू नका.

एक्युम्युलेटर आणि शेवटी पंप

एक्युम्युलेटरमध्ये एका बाजूला हवा, एका बाजूला पाणी असतं. त्याने प्रेशर वाढत नाही, झटके कमी होतात. पंप बंद करा, नळ उघडून लाइनमधलं प्रेशर सोडा आणि मगच टायरच्या गेजने हवा मोजा. ती पंप सुरू होण्याच्या प्रेशरपेक्षा थोडी कमी हवी. हवेच्या व्हॉल्व्हमधून पाणी आलं तर आतला फुगा फाटलाय.

हे सगळं ठीक असेल, पंपावर पूर्ण व्होल्टेज असेल आणि बादलीतूनही पाणी कमी येत असेल, तरच पंप उघडा. आतल्या व्हॉल्व्हमध्ये कचरा, फाटलेला डायफ्राम किंवा बिघडलेला प्रेशर स्विच सापडेल. बऱ्याच पंपांचे हे भाग सुटे मिळतात.

सुरक्षा

पाइप किंवा वायर सोडवायच्या आधी पंपाचा स्विच आणि फ्यूज काढा. जेट्टीवरून २३० व्होल्टचं कनेक्शन असेल तर ते आधी बंद करा. पेट्रोल इंजिनाच्या बोटीत झाकणं उघडून हवा खेळू द्या, मगच विजेच्या कामाला हात लावा.

यात धंदा कुठे आहे?

तुमच्या बॅगेत काय लागलं? मल्टीमीटर, टायर गेज, ५ लिटरचा कॅन, एक बादली आणि दोन पाइपचे तुकडे. भांडवल थोडं आहे, किंमत निदानाची आहे. म्हणून तपासणीची फी वेगळी लावा आणि फोनवरच सांगा. फी नसेल तर पंप विकण्याचा मोह होतो, कारण कमाई तिथेच दिसते.

काम झालं की एका कार्डवर चार आकडे लिहा: ५ लिटरला लागलेले सेकंद, बॅटरीचं व्होल्टेज, पंपाचं व्होल्टेज, तारीख. एक कार्ड बोटीत चिकटवा, एक तुमच्याकडे ठेवा. पावसाळ्यानंतर बोटी पाण्यात उतरायच्या आधी मालकाला फोन करा, "शेठ, मागच्या वेळी ३० सेकंद होते, सीझनआधी एकदा बघून घेऊ." दिवाळीच्या गर्दीत बोटीवर पाहुणे साबण लावून उभे आणि नळाला धार नाही, ही वेळ कोणत्याच मालकाला नको असते. तो तुम्हाला आधीच बोलावेल.

आणि पंप खरंच गेला असेल तर बिनधास्त नवीन विका. फक्त आधी मालकाला बादलीची टेस्ट त्याच्या डोळ्यांसमोर करून दाखवा. मग तो भाव करत बसणार नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: घरातल्या कुठल्याही नळाखाली ५ लिटरचा कॅन लावा, वेळ मोजा, मग नळाची जाळी साफ करून परत मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा. मोजायची सवय घरातून लागते, बोटीवर ती कामाला येते.