पाण्याच्या माथ्यावर तेल

नोव्हेंबर २०२१ च्या अखेरची गोष्ट. हवाई बेटांपैकी ओआहू बेटावर पर्ल हार्बरच्या आसपास राहणाऱ्या कुटुंबांनी नळ सोडले, आणि पाण्याबरोबर इंधनाचा उग्र दर्प घरात पसरला. कित्येकांना पाण्यावर तेलाचा तवंग दिसला. लहानथोरांना मळमळ, डोकेदुखी, अंगावर पुरळ असे त्रास होऊ लागले. त्या नळयोजनेवर सुमारे ९३,००० लोक अवलंबून होते. त्यांतील हजारो कुटुंबांना घरे सोडून हॉटेलांत राहावे लागले.

हे तेल आले कोठून? जवळच रेड हिल नावाची डोंगररांग आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० ते १९४३ या वर्षांत, अमेरिकन नौदलाने तिच्या पोटात २० प्रचंड टाक्या खोदून घेतल्या. प्रत्येक टाकीची उंची सुमारे २५० फूट आणि व्यास १०० फूट. शत्रूच्या बाँबपासून इंधन सुरक्षित राहावे हा हेतू. परंतु या टाक्यांच्या तळाखाली अवघ्या १०० फुटांवर, ज्वालामुखीच्या सच्छिद्र खडकात, बेटाच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा साठा होता.

२०१४ साली यांतील एका टाकीतून सुमारे २७,००० गॅलन, म्हणजे लाखभर लिटर, इंधन गळाले. होनोलुलूच्या पाणीपुरवठा मंडळाचे मुख्य अभियंता अर्नेस्ट लाऊ धोक्याचा इशारा देतच राहिले. अखेर मे २०२१ मधील अपघातात सांडलेले इंधन आग विझविण्याच्या व्यवस्थेतील एका निचरा-नळात साचून राहिले. नोव्हेंबरात एका गाडीच्या धक्क्याने तो नळ फुटला आणि इंधन नौदलाच्या विहिरीपर्यंत पोहोचले. शेजारचा हलावा येथील मोठा जलस्रोत शहराने खबरदारी म्हणून बंद केला.

नदी गढूळ झाली तर ती डोळ्यांना दिसते. भूजल मात्र काळोखात वाहते. ते पारखण्यासाठी निरीक्षण-विहिरी खोदाव्या लागतात. अशा तीन विहिरींतील पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या मानाने मोजली, की पाणी कोणत्या दिशेने वाहते हे समजते. नमुना घेण्यापूर्वी विहिरीत साचून राहिलेले पाणी उपसून टाकतात. नंतर बाटली काठोकाठ भरतात. आत हवेचा बुडबुडासुद्धा राहू देत नाहीत, कारण तेलातील हलकी द्रव्ये त्या हवेत उडून जातात आणि परीक्षा फसते. बाटली बर्फात ठेवून प्रयोगशाळेकडे रवाना होते. ही काळजी अनाठायी नव्हे. पेट्रोलातील बेंझिन हे द्रव्य कर्करोगास कारण होते; अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे एका ग्रॅमच्या दहालक्षांश भागाच्या केवळ पाचपट आहे.

शुद्धीकरण त्याहून कष्टाचे. रेड हिल येथे जानेवारी २०२२ च्या अखेरीपासून दूषित विहिरीचे पाणी दररोज ५० लाख गॅलनपर्यंत उपसून, सच्छिद्र कोळशाच्या थरांतून गाळून, ओढ्यात सोडण्यात आले. या उपशामुळे आसपासचे तेलमिश्रित पाणी विहिरीकडे ओढले जाते व दूरवर पसरत नाही. तथापि खडकाच्या भेगांना चिकटलेले तेल सहजासहजी निघत नाही. ते थोडे थोडे पाण्यात उतरत राहते.

निसर्गही या कामी हातभार लावतो. जमिनीतील सूक्ष्म जंतू तेलावर जगतात. पण त्यांची गती मंद असते. मिनेसोटा राज्यातील बेमिजी गावाजवळ २० ऑगस्ट १९७९ रोजी तेलवाहिनी फुटून सुमारे १७ लाख लिटर कच्चे तेल सांडले. बरेचसे उचलले गेले, तरी सुमारे ४ लाख लिटर मागे राहिले. १९८३ पासून शास्त्रज्ञ तेथे निरीक्षण करीत आहेत. जंतूंनी दूषित पाण्याचा पसारा बराच रोखून धरला. परंतु चार दशके लोटल्यावरही जमिनीतील तेल संपलेले नव्हते.

मार्च २०२२ मध्ये रेड हिल कायमचे बंद करण्याचा निर्णय झाला. ऑक्टोबर २०२३ पासून काही महिन्यांत दहा कोटी गॅलनांहून अधिक इंधन तेथून हलविण्यात आले. टाक्या रिकाम्या करण्यास महिने पुरले. त्यांच्याखालच्या पाण्यावरची पाळत मात्र त्यानंतरही चालू ठेवावी लागली.

आपल्याकडे असंख्य कुटुंबे विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी पितात, आणि जमिनीत पुरलेल्या पेट्रोलच्या टाक्या गावोगावी आहेत. तेव्हा एवढे ध्यानात असावे : पाण्यास रॉकेल-पेट्रोलचा वास आला, तर ते उकळून पिण्याच्या भरीस पडू नये. उकळल्याने रोगजंतू मरतात, पण इंधनाचा दोष त्याने दूर होईल असा भरवसा नाही. उलट त्याची वाफ स्वयंपाकघरात पसरते. असे पाणी पिण्यास, स्वयंपाकास व स्नानास वर्ज्य करावे आणि आरोग्य खात्यास विनाविलंब कळवावे. हवाईतील संकटाचा पहिला सुगावा लागला, तोही घरोघरच्या नळांवर आलेल्या वासानेच.