मनातले मनात

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, आयुष्यात कधी कमी बोलले नाहीत. पण शेवटच्या दोन वर्षांत मज्जातंतूंच्या विकाराने आधी त्यांचे हात गेले, मग वाचा गेली. बुद्धी मात्र लखलखीत होती. तेव्हा मी एका पुठ्ठ्यावर मुळाक्षरे लिहून काढली. मी अक्षरांवरून बोट फिरवी आणि हव्या त्या अक्षराशी नाना पापणी मिटत. 'चहात साखर कमी' एवढे सांगायला पाव तास लागे. आई अधीर होऊन मध्येच शब्द पुरा करी. तो चुकला, की नाना डोळे घट्ट मिटून घेत. मग तासभर बोलणे बंद!

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका प्रयोगशाळेची हकिगत वाचताना त्या पुठ्ठ्याची फार आठवण झाली. माणसाचा मेंदू आणि यंत्र यांच्यात थेट संवाद घडवायचा, हा तिचा उद्योग. मेंदूचे शल्यविशारद जेमी हेंडरसन आणि विद्युत्-अभियंते कृष्णा शेणॉय यांनी तो जोडीने चालवला. शेणॉय २०२३ च्या जानेवारीत निवर्तले. काम पुढे चालूच आहे.

मूळ कल्पना साधी आहे. हात लुळा पडला तरी तो हलवण्याचा हुकूम मेंदू सोडतच असतो. तो हातापर्यंत पोचत नाही, इतकेच. या मंडळींनी औषधाच्या लहानशा गोळीएवढ्या चकत्या मेंदूच्या पृष्ठभागात बसवल्या आणि तो हुकूम उगमापाशीच टिपला. २०२१ साली, मानेखाली लुळा पडलेला एक गृहस्थ आपण कागदावर लिहीत आहोत असे मनात आणू लागला आणि पडद्यावर मिनिटाला ९० अक्षरे उमटली! २०२३ मध्ये वाचा गेलेल्या एका बाईंनी बोलण्याचा नुसता प्रयत्न केला, तर यंत्राने मिनिटाला ६२ शब्द लिहून दाखवले. त्यांतला जवळजवळ दर चौथा शब्द चुकत होता, हेही सांगायला हवे.

पण मी थबकले ती २०२५ च्या ऑगस्टमधल्या वृत्तापाशी. बोलण्याचा प्रयत्नसुद्धा अशा रुग्णांना थकवतो. म्हणून चौघांना शब्द केवळ मनात म्हणायला सांगितले. तेही यंत्राला उमगले! सव्वा लाख शब्दांच्या संग्रहातून, फार तर शंभरांतले ७४ बरोबर. इतकेच नव्हे, पडद्यावरचे आकार मोजायला दिले, तर मनातली मोजदादही काही अंशी त्याने हेरली.

वाचून अंगावर काटा आला. मनातले मनात ठेवायची सोयच गेली की! शास्त्रज्ञांनाही तीच धास्ती वाटली. म्हणून त्यांनी यंत्राला एक कुलूप घातले. 'चिटी चिटी बँग बँग' हे परवलीचे शब्द रुग्णाने मनात म्हटले, तरच यंत्राने कान द्यायचा. ही खूण शंभरांत ९८ हून अधिक वेळा अचूक ओळखली गेली.

ही विद्या अजून प्रयोगशाळेतच आहे; दुकानात मिळणारी नव्हे. तरी मी आईला सगळे वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली,

"तेव्हा असतं तर किती बरं झालं असतं गं. पण कुलपासकट हं! माझ्यावर चिडून डोळे मिटून पडायचे ना, तेवढं तरी त्यांचं त्यांच्यापाशी राहायला हवं."